समोरच्या भिंतीजवळची थाप

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, त्या माफ कराव्यात. हे कोणाला सांगते आहे, मलाच कळत नाही, कारण हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षर तेव्हाही चांगलं नव्हतं. आता उजवा हात लकव्यातून उठलेला आहे, त्यामुळे ओळ सरळ सुरू होते आणि शेवटाकडे खाली उतरत जाते. दुपारी मुलगी कामावर असते, तेव्हा खिडकीपाशी बसून लिहिते.

लिहायचं कारण एवढंच की मागच्या आठवड्यापासून तो आवाज येत नाही.

माझं माहेर उमरेडचं. घरात माग होता. चौथीनंतर मी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसले. बाबा विणत असले की आम्ही भावंडं त्या खटखटीत गाढ झोपायचो. माग थांबला की मात्र सगळ्यांना एकदम जाग यायची. आई म्हणायची, काही नाही झालं, झोपा. तशी जाग मला आता भर दुपारी, बसल्या जागी येते.

लकवा आला तेव्हा मी साडीला फॉल लावत होते. गांधीबागेतल्या दुकानांच्या साड्या माझ्याकडे यायच्या. हात मशीनवरून घसरून मांडीवर पडला आणि मी त्याच्याकडे बघत राहिले, जसं काही कोणी दुसऱ्याचाच हात माझ्या मांडीवर ठेवून गेलं आहे. पायही तसाच झाला. दवाखान्यातून घरी आल्यावर मुलगी मला धरून मोरीपर्यंत न्यायची. डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितला. मी म्हटलं, या वयात मी पोहू? मुलगी म्हणाली, "पोहायचं नाही आई. पाण्यात चालायचं. पाण्यात पाय हलका होतो म्हणतात."

त्या व्यायामाचा टाका, म्हणजे पोहायचा तलाव, छपराखाली आहे. पाणी कोमट असतं, आणि दुपारची वेळ फक्त बायकांची. पायऱ्यांच्या बाजूला उतार आहे, त्यावरून चाकाची खुर्ची थेट पाण्यात जाते. ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, बोलता येत नाही, ज्यांचे गुडघे गेले आहेत, अशा सगळ्याजणी तिथे येतात. पहिल्या दिवशी मी सलवार-कुर्ता घालून गेले. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या की अंगाला चिकटून राहतील असे कपडे आणा, पण तसं काही घालून चार लोकांत उभं राहण्यापेक्षा मी घरी पडून राहिले असते. कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि कुर्त्यात हवा भरली. तो फुगून तोंडापर्यंत वर आला. मी तो चांगल्या हाताने खाली दाबला, म्हणजे कठडा सोडला. पाय घसरला. तेवढ्यात कोणीतरी माझा दंड पकडला.

"कोन हाये?" तिने विचारलं.

मला धापच एवढी लागली होती.

"पडनारी बाई बोलत काहून नाही वं? मुकी हाये काय?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग लाजून राहिली अशीन. लाज. पन माझ्यापुढे लाजून काही फायदा नाही. मले दिसतच नाही."

शेजारी कठड्याला धरून एक पोरगी उभी होती. अपघातात तिचा एक पाय गेलेला. ती म्हणाली, "मले तं दिसते न. कुर्ता मस्त हाये काकू, फुलाफुलाचा."

"चूप बस वं," ती आंधळी बाई म्हणाली, आणि माझा दंड काही सोडला नाही.

ती जन्मापासून आंधळी होती. एका सरकारी कचेरीत टेलिफोनवर बसायची. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल, पण नोकरीवाली म्हणून मी तिला ताई म्हणायला लागले.

"ताई नोको म्हनू. मी तुझ्याहून लहान हाये."

"मग काय म्हणू?"

"काही नोको म्हनू. थाप मार."

म्हणून या लिहिण्यातही मी तिचं नाव घालत नाही.

थापेची रीत तिच्यासाठीच पडली होती. पाण्यात उतरलं की प्रत्येकीने पाण्यावर हाताने आपली थाप मारायची. त्यावरून तिला कळायचं कोण आलं आणि कुठे उभं आहे. सगळ्यांत आधी गुडघ्यांचा त्रास असलेली आजी. तिची थाप सपाट आणि जोरात, धुणं आपटल्यासारखी. मग एका पायाची पोरगी, ती दोन्ही हातांनी ढोलकी वाजवायची. तिसरी ती स्वतः. आधी एक मोठी थाप, लगेच एक हलकी, लेकराला थोपटावं तशी. शेवटी मी.

मी डाव्या हाताने हळूच मारली.

"ही तं भाकर थापून राहिली," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग मला रडू आलं, कारण लकव्यानंतर मी भाकर थापली नव्हती. ते तिला दिसलं नाही, पण कळलं असावं. ती म्हणाली, "उद्यापासून उजव्या हाताने मारशीन."

"तो उचलत नाही."

"पान्यात उचलन. वरतून पडू दे नुसता."

तिला पोहता यायचं, आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं. पण भिंत कुठे आहे ते तिला दिसायचं नाही. एकदा डोकं आपटून टाके पडले होते. म्हणून ती आडवं अंतर पोहत यायची तेव्हा समोरच्या भिंतीपाशी कोणीतरी उभं राहून थाप मारत राहायचं. दूर असेल तोवर सावकाश. भिंत जवळ आली की भराभर. ते काम तिने मला दिलं. "तू बोलत नाही, म्हनून तुझ्यावर भरवसा हाये," म्हणाली. "ही आजी गप्पा हाकते अन् माझं डोस्कं फुटते."

"फुटलं तं फुटलं, आत काय हाये असं?" आजी म्हणायची.

मी भिंतीशी उभी राहून लुळा हात उचलायची आणि पाण्यावर पडू द्यायची. ती त्या आवाजाकडे येत राहायची. माझ्याकडे असं कोणी येत आहे, असं आधी कधी झालं नव्हतं.

बदल्यात ती मला तरंगायला शिकवायची. मी उताणी पडायची, तिचा एक तळवा माझ्या पाठीखाली. मॅडमही कधी कधी हात द्यायच्या, पण त्यांना आठ-दहा जणींना बघायचं असायचं, त्यांचा हात घाईत असायचा. हिचा हात नुसता असायचा. माझे कान पाण्यात जायचे आणि टाक्यातली सगळी गडबड दूर जायची. ती सांगायची, "कान पान्यात असले की आवाज कोठून येते ते कळत नाही. सगळीकडून आल्यासारखा वाटते. म्हनून भेवाचं नाही."

तिच्या हातावर मी भिंतीपासून भिंतीपर्यंत जायची. हात निघाला की पाय आधी खाली जायचे, मग कंबर, मग मी.

पहिले काही महिने मुलीने फी भरली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. फी, वर रिक्षाचं येणं-जाणं. एक दिवस तिने मोबाईलवर काहीतरी आकडे केले आणि तो उलटा ठेवून दिला. मी ठरवलं, हा महिना झाला की बंद. कोणाला सांगितलं नाही. टाक्यावर जाऊन नेहमीसारखी थाप मारली.

"हे काय झालं?" ती म्हणाली.

"काय?"

"आज भाकर नाही थापली. आज विस्तव विझवल्यासारखी मारली. सांग."

सांगावंच लागलं. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या की तुमची तीन महिन्यांची फी आली आहे. साडेचार हजार. मी तिच्याकडे गेले, म्हटलं, मी परत करीन, दर महिन्याला थोडे थोडे.

"थोडे थोडे नाही. या भितीपासून त्या भितीपर्यंत एकटी जाशीन, कोनाचा हात न घेता, तेव्हा आनून देशीन. त्याआधी मी घेनार नाही."

"आणि नाहीच गेले तर?"

"तं उधारीत मरशीन," ती म्हणाली. पोरगी एवढी हसली की तिच्या नाकात पाणी गेलं.

मग पावसाळ्याच्या शेवटी ती यायची थांबली. ताप आहे म्हणाले. त्या दिवसांत सगळ्यांच्याच घरी ताप होता. सोमवारी आम्ही पाण्यात उतरलो. आजीने थाप मारली. पोरीने ढोलकी वाजवली. मग तिची जागा आली. तिच्यासाठी आम्ही रोज जेवढं थांबायचो, तेवढं सवयीने थांबलो. आणि मला थाप ऐकू आली. समोरच्या भिंतीकडून. एक मोठी, एक हलकी.

मी लगेच माझी थाप मारली. मला वाटलं ती आली.

तेव्हा मॅडम कठड्यापाशी आल्या आणि खाली बसल्या. त्यांच्या अंगावर कोरडे कपडे होते. त्यांनी सांगितलं की डेंग्यू होता, काल गेली.

पोरगी रडायला लागली. आजी पाण्यातच हात जोडून उभी राहिली. मी समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिथे कोणी नव्हतं. पाणी हलत होतं, पण आम्ही तिघीजणी आत होतो, हलणारच.

नंतर कपडे बदलताना मी आजीला विचारलं, "तुम्हाला आवाज आला?"

"कशाचा?"

"पाण्याचा. भिंतीकडून."

आजी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "पंपाचा असन, माय." आणि माझ्या पाठीवरचे ओले केस पुढे घेऊन तिने ते पिळून दिले, जसे आई लहानपणी पिळायची.

पंपाचा नव्हता. दुसऱ्या दिवशीही आला, तिच्याच जागी, पोरीच्या नंतर आणि माझ्या आधी. रोज. कोणी तसं ठरवलं नव्हतं, पण आम्ही तिघी तिच्या थापेपुरतं थांबायचो, आणि त्या दोघींना ती जागा रिकामी जायची, मला नाही. मग तो आवाज टाका सोडून माझ्या घरी यायला लागला. बादली भरत असली आणि मी नळ बंद केला, की थेंब थांबल्यावर एक मोठी, एक हलकी. शेजारीण भाकऱ्या थापते, भिंत एकच आहे, तिच्या दोन थापांच्या मध्ये तिसरंच कोणीतरी थाप मारायचं. मी मुलीला सांगितलं नाही. तिने मला पुन्हा दवाखान्यात नेलं असतं. भीती वाटायची का? हो. पण तो आवाज आला नाही तर काय, याची जास्त वाटायची.

त्यात ते पैसे. फॉल लावायचं काम मी पुन्हा सुरू केलं होतं. दिवसाला एक साडी, कधी तीही नाही, पण साडेचार हजार जमले. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर काही दिवसांनी मी तिच्या घरी गेले. घरात तिची आईच होती. म्हातारी, बारीक, बिड्या वळून बोटं वाकडी झालेली. दाराच्या मागे लेकीची पांढरी काठी उभी होती आणि खाली तिच्या चपला, बाहेर जाताना पायात सरकतील अशा ठेवलेल्या.

"कोन तुम्ही?" आईने विचारलं.

मी सांगितलं, टाक्यावरची.

"भाकरवाली काय?" म्हातारीचा चेहरा एकदम उघडला. "रोज सांगे मले. म्हने, आज उजव्या हाताने मारली. म्हने, आज अर्ध्यापर्यंत आली. मले वाटे आपलीच कोनी लहान पोरगी हाये. तुम्ही तं माझ्या लेकीहून मोठ्या निंघाल्या."

तिने चहा केला. पैसे माझ्या पिशवीत होते. चहा संपला, मी हात पिशवीत घातला आणि मला तिचं बोलणं आठवलं. त्याआधी मी घेणार नाही. मी रिकामा हात बाहेर काढला आणि उठले. आता हे पैसे कोणालाच देता येणार नव्हते. रस्त्यात पिशवी मी छातीशी धरून चालले, आणि उजवा पाय घासत होता त्याच्याकडे लोक बघत होते की नाही, ते त्या दिवशी मी पाहिलंच नाही.

तेव्हापासून मी एकटीने तरंगायला लागले. म्हणजे बुडायला लागले. मॅडम शेजारी उभ्या राहायच्या, हात पुढे करायच्या, मी नको म्हणायची. पाय खाली, मग कंबर, मग मी. पाणी नाकात जायचं, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मी खोकत राहायची. पोरगी म्हणाली, "काकू, घ्या न हात. कोन पाहून राहिलं?" मी तिला काय सांगणार, कोण पाहतं ते.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी वेगळं काही नव्हतं. आजी आली नव्हती, गुडघा सुजला होता. मी पाठ टेकवली आणि हात आपोआप शोधला, पाठीखाली, जसा रोज शोधायची. तो नव्हता. पण त्याची जागा होती. पाठीला ती तेवढीच जागा आठवत होती, तळव्याएवढी, आणि बाकीची पाठ तिच्याभोवती सैल झाली. कान पाण्यात गेले. टाक्यातली गडबड दूर गेली. पाय खाली गेले नाहीत.

डाव्या हाताने पाणी मागे सारलं. पाय जेवढे हलतील तेवढे हलवले. वर छपराचे पत्रे हळूहळू सरकायला लागले. आणि थाप आली. एक मोठी, एक हलकी. सावकाश. कोठून, ते कळत नव्हतं, तिने सांगितलं होतं तसंच, सगळीकडून. मी कान वर काढले नाहीत. काढले असते तर थाप कोणत्या बाजूने येते ते कळलं असतं, आणि तिथे कोणी नाही हेही कळलं असतं.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. पत्र्याला एक गंजलेला डाग आहे, तो माझ्या डोक्यावरून पायाकडे गेला. मग थापा भराभर यायला लागल्या. एकामागून एक, मोठ्या-हलक्या असा फरक न करता, भरभर, मी तिच्यासाठी मारायची तशा. माझा उजवा हात डोक्यामागे गेला. मी तो नेला नाही, तो गेला. बोटं भिंतीच्या फरशीला लागली.

मी उभी राहिले. समोरच्या काठावरून पोरगी ओरडत होती, मॅडम टाळ्या वाजवत होत्या. भिंतीपाशी माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी उजव्या हाताने पाण्यावर थाप मारली आणि थांबले. तिची आली. अगदी जवळून, हाताच्या अंतरावरून.

त्याच संध्याकाळी मी पैसे घेऊन तिच्या आईकडे गेले. सगळं सांगितलं, साडेचार हजारांच्या उधारीचं, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत कोणाचा हात न घेता गेल्याचं. थापेचं सांगितलं नाही. नोटा पुढे ठेवल्या. म्हातारीने त्या उचलल्या. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण बिड्यांचे गठ्ठे बांधून बोटांना मोजायची सवय होती. बोटांनीच मोजल्या.

"पाचशे कमी हायेत."

मला ठाऊक होतं. मीच घरून निघताना एक नोट डब्यात ठेवली होती. मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात देते."

पुढच्या महिन्यात गेले नाही. त्याच्या पुढच्याही. फॉलचे पैसे येत होते, नोट डब्यात पडून होती. थाप रोज येत होती, टाक्यात, नळाखाली, भिंतीतून. उधारी फिटेपर्यंत ती येणार, असं माझं मन सांगत होतं, आणि फिटल्यावर काय, ते मला बघायचं नव्हतं.

मागच्या आठवड्यात म्हातारी स्वतः रिक्षाने आमच्या घरी आली. मुलगी कामावर होती. मी घाबरले. ती दाराशी बसली, पाणी प्याली, आणि तिने एकदम विचारलं, "ठेवून घेतले काय वं ते पाचशे?"

मी मान खाली घातली.

"येते काय ती तुझ्याकडे?"

मी मान हलवली. किती दिवसांनी कोणीतरी ते विचारलं होतं.

"माझ्याकडे बी येते. काठीचा आवाज येते दारामागून. टक, टक. म्हनून मी काठी हलवत नाही. चपला बी हलवल्या नाही." तिने पदराने तोंड पुसलं. "आंधळ्या पोरींच्या शाळेतली बाई आली होती. म्हने, काठी देता काय, एक पोरगी हाये, तिच्याजवळ काठी नाही. मी नाही म्हटलं. मंग रातभर मलेच खराब वाटलं. तिले किती राग येवाचा, कोनी तिची वाट अडवून उभं राहिलं तं."

आम्ही दोघी बसून राहिलो. शेजारीण भाकऱ्या थापत होती. दोन थापांच्या मध्ये ती आली, मोठी आणि हलकी. म्हातारीला ऐकू आली का, मी विचारलं नाही. ती भिंतीकडेच बघत होती.

"तू देऊन टाक," ती म्हणाली. "मंग मी बी काठी देऊन टाकतो."

मी उठले. उजव्या हाताने डबा उघडला, त्याला वेळ लागला, ती थांबली. नोट काढून तिच्या तळव्यावर ठेवली. तिने ती बोटांनी चाचपली, पदराच्या टोकात बांधली आणि म्हणाली, "झाले पुरे."